मागच्या डावाचा हुकूम

पत्त्यांच्या खेळात मला कोणी ढ म्हणेल असं उभ्या आयुष्यात वाटलं नव्हतं. बाकी बऱ्याच बाबतींत मी ढ होतो आणि आहे. समुद्राकाठी जन्म काढून मला पोहता येत नाही. नारळ सोलता येत नाही. बायकोशी तिच्या हयातीत चार गोड शब्द बोलायला जमले नाहीत. पण एका वेळी चार गोष्टी डोक्यात धरायच्या आणि एकीवरून दुसरीवर टुणकन उडी मारायची, हे मात्र मला यायचं. त्यावरच माझं पोट होतं.

मी रत्नागिरीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक ऑपरेटर होतो. आंब्याच्या दिवसांत तिथे नुसती जत्रा असायची. एका लाइनवर मुंबईचा दलाल ओरडतोय, दुसऱ्या लाइनवर पावसचा बागवाला त्याच दलालाला शिव्या घालत कॉल मागतोय, मधेच दापोलीहून कुणाची तरी म्हातारी गेल्याचा अर्जंट कॉल. दलालाशी हिंदी, साहेबाशी मोडकं इंग्रजी आणि आमच्या माणसांशी आमची बोली. माझे हात बोर्डावर फिरत असायचे आणि डोकं हातांच्या पुढे. पुढे नाक्यानाक्यावर एसटीडीचे बूथ झाले, बोर्ड मोडीत निघाला आणि मला तक्रारींच्या टेबलावर बसवलं. अठ्ठ्याण्णव साली निवृत्त झालो. त्याच वर्षी रेल्वे मुंबईपासून पार खालपर्यंत धावायला लागली आणि आमच्या वाडीतली उरलीसुरली तरुण पोरं तिच्यात बसून गेली. मुलगी त्याआधीच लग्न होऊन पुण्याला गेली होती. तीन वर्षांनी बायकोही गेली, पण ती रेल्वेने नाही.

तेव्हापासून माझ्या दिवसाला एकच आधार उरला, तो म्हणजे दुपारचे पत्ते.

माझं घर पाखाडीच्या वरच्या टोकाला. पाखाडी म्हणजे चिऱ्याच्या पायऱ्यांची चढणीची वाट. जेवणं उरकली की ती चढून तिघे जण यायचे. पहिले मास्तर, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले, किडकिडीत आणि शिस्तीचे. आपल्या सख्ख्या भाच्याला कॉपी करताना पकडून वर्गाबाहेर काढणारे म्हणून गावात अजून त्यांचं नाव निघायचं. दुसरे वकील. कोर्टात फारसं चाललं नाही, त्याचं उट्टं ते पत्त्यांत काढायचे. आणि तिसरा बागवाला, माझा शाळासोबती, त्याची नाचण्याकडे हापूसची कलमं होती. मी ऑपरेटर. आमच्यात कोणी कुणाला नावाने हाक मारत नसे. बागवाला शाळासोबती, पण तोही मला मेल्या म्हणायचा.

आम्ही पडवीत सतरंजीवर मेंढीकोट खेळायचो. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चौघे, समोरासमोरचे दोघे भिडू. दश्शीला मेंढी म्हणायचं आणि जास्त मेंढ्या पकडेल त्याचा डाव. आमच्यात हुकूम आधी ठरवत नसत. खेळता खेळता ज्याच्याकडे उतारीच्या रंगाचं पान नसेल, तो जे पान टाकेल त्याचा रंग त्या डावाचा हुकूम. म्हणजे या डावाला बदाम, पुढच्याला इस्पिक, त्यापुढच्याला चौकट. मागचा डाव संपला की मागचा हुकूम मेला. खरा खेळ तिथेच आहे. मास्तर माझे भिडू. आम्ही दोघं समोरासमोर बसलो की वकिलांचा रक्तदाब वाढायचा.

दुपारी त्या पडवीत इतका आरडाओरडा चालायचा की खालून जाणारी कोळीण थांबून विचारायची, "काय वो, भांडण झाला काय?" मला त्या आवाजाची गरज होती. सकाळ कशीही जाते. अंगण झाडा, पाणी भरा, बाजारात जाऊन मासळीच्या भावावर हुज्जत घाला. संध्याकाळी मांडवीला जेटीवर जाऊन बसता येतं. पण आमच्याकडची दुपार एकट्या माणसाला खायला उठते. पंखा फिरत असतो, घड्याळ वाजत असतं आणि घरात आपल्याशिवाय कोणी जेवलेलं नसतं.

दोन हजार चार-पाचच्या सुमाराची गोष्ट. एका डावात हुकूम होता इस्पिक. वकिलांनी किलवरचा राजा उतरला. माझ्याकडे किलवर नव्हतं. मी ऐटीत चौकटची सत्ती टाकली आणि चारही पानं माझ्याकडे ओढली.

"अरे मेल्या, हात आमचा आहे," बागवाला म्हणाला. "ओढतोस कुठे?"

"हुकमाने मारलाय."

"हुकूम इस्पिक आहे. चौकट मागच्या डावाला होतं."

मी हसलो. सगळेच हसले. कुणाला वाटलं मी गंमत करतोय, आणि मीही तसंच दाखवलं. पण त्या आठवड्यात ते पुन्हा झालं. आणि मग होतच राहिलं. लक्षात घ्या, मी पानं विसरत नव्हतो. कुठला एक्का गेला, कुणाकडे राणी अडकली आहे, हे मला पूर्वीसारखंच सांगता यायचं. नवा हुकूमही कानावर पडलेला असायचा. पण हात उचलायच्या क्षणी डोक्यात जुनाच हुकूम बसलेला असे, घर सोडायला तयार नसलेल्या भाडेकरूसारखा.

मग मी मनातल्या मनात घोकायला लागलो. प्रत्येक हाताला इस्पिक, इस्पिक, इस्पिक. घोकलं की हुकूम टिकायचा, पण मग कुणाची राणी कुठे हे निसटायचं. आणि खेळून उठलो की अंग गळून जायचं. पूर्वी आंब्याच्या दिवसांत डबल ड्यूटी केली तरी घरी येऊन मी अंगणात पाणी शिंपायचो. आता चार डाव मेंढीकोट खेळून आडवा पडायचो.

दिवाळीला मुलगी आली तेव्हा तिच्या लक्षात आलं. पत्ते नाही, दुसरंच. एका शेगडीवर भात आणि दुसरीवर आमटी चढली की मी भाताचं मीठ आमटीत टाकायचो. तिने काही बोलायच्या आधी मीच चिडलो. तिने सरळ जाऊन माझं तिकीट काढून आणलं. आमच्याकडून मोठ्या डॉक्टरकडे जायचं म्हणजे आंबा घाट चढून कोल्हापूरला. एसटीत मी तिच्याशी बोललो नाही. तीही खिडकीतून बाहेर बघत होती. डोळे पुसत होती ते मला दिसत होतं.

मेंदूचे ते डॉक्टर तरुण होते. त्यांनी चक्क पत्ते काढले. आपले नव्हेत, वेगळे. त्यांवर चांदण्या, त्रिकोण, गोल, वेगवेगळ्या रंगांचे, कुठे एक कुठे चार. म्हणाले, "हे जुळतील तसे लावा. कसे लावायचे ते मी सांगणार नाही. फक्त चूक की बरोबर तेवढं सांगेन."

मला वाटलं, हे तर आपलं घरचं मैदान. दोन-तीन पानांत हेरलं की रंगाला रंग लावायचा. बरोबर, बरोबर, बरोबर. मी मुलीकडे बघून मिशीत हसलो. मग लाल पान लालवर ठेवलं आणि ते म्हणाले, चूक.

"चूक कसं? लालवर लाल आहे."

"चूक."

पुढचं हिरवं हिरव्यावर ठेवलं. चूक. निळं निळ्यावर. चूक. माझा पारा चढला. मी म्हटलं, "डॉक्टर, तुम्हीच मघाशी बरोबर म्हणत होता. आता तुमचं काय बिघडलं?" मुलगी मान खाली घालून बसली होती. नियम बदललाय, आता रंग सोडून आकार बघायचा, हे मला कळलं. खरंच कळलं. तरी हात रंगाकडेच जात राहिला. समोर आकार दिसतोय, तोंडाने मी आकार म्हणतोय आणि पान रंगावर पडतंय. आपल्याच हाताकडे आपण असे बघत बसलोय, ही फार वाईट अवस्था असते.

बाकीही तपासण्या झाल्या. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं की आजार नाही. स्मरणशक्ती वयाच्या मानाने ठणठणीत आहे. फक्त एका नियमावरून दुसऱ्यावर जाताना मेंदूला पूर्वीपेक्षा जास्त कष्ट पडताहेत. वयाने हे होतं, कुणाचं थोडं, कुणाचं जास्त.

"तरुण माणसाला असं काम दिलं की मेंदूचा थोडासा भाग कामाला लागतो," ते म्हणाले. "वय झालं की त्याच कामाला आजूबाजूचे भाग धावून येतात, पलीकडच्या बाजूचेसुद्धा. मेंदू काम करताना त्याचं चित्र काढता येतं. त्यात वयस्कर माणसाचा मेंदू पुष्कळदा जास्त ठिकाणी उजळलेला दिसतो."

"म्हणजे माझा मेंदू जास्त चालतो?"

"जास्त राबतो. सोपं असेल तोवर त्याने निभावतंही. काम अवघड झालं की पुरा पडत नाही. आणि जुना नियम सोडायलाच तुम्हाला जड जातंय, नवा शिकायला नाही."

म्हणजे तरुणपणी एक दिवा लावून जी सुई सापडायची, तिच्यासाठी आता घरभर दिवे लावायचे. बिल वाढणार, आणि सुई सापडेल याची खात्री नाही. परत येताना मुलगी म्हणाली, "बाबा, आजार नाही म्हणाले, किती बरं झालं." मी हो म्हटलं. पण मला बरं वाटलं नव्हतं. आजार असता तर त्याला नाव असतं, गोळी असती, लोकांना सांगता आलं असतं. हे तर नुसतं माझंच होतं. तिने पुण्याला चला म्हणून खूप आग्रह केला. मी नको म्हटलं. पुण्यात माझ्याबरोबर मेंढीकोट कोण खेळणार?

गावात मी कुणाला काही बोललो नाही. खेळायला लागलो. आणि आश्चर्य म्हणजे माझ्या चुका कमी झाल्या. मला वाटलं, डॉक्टरांना काय कळतंय, आपलं डोकं पुन्हा ताळ्यावर आलं. बरेच दिवस मी याच गुर्मीत होतो. मग एका दुपारी माझ्या लक्षात आलं की हुकमाने मारायच्या आधी मी प्रत्येक वेळी मास्तरांकडे बघतो. आणि हुकूम बदाम असला की मास्तरांचा हात शर्टाच्या खिशावर असतो. इस्पिक असलं की ते मिशीवरून बोट फिरवतात. चौकटला चष्मा सारखा करतात आणि किलवरला कानाची पाळी खाजवतात.

हे त्यांनी कधी सुरू केलं देव जाणे. मला त्यांनी सांगितलं नाही, मी त्यांना विचारलं नाही. माझं डोकं मला न सांगताच ते वाचायला शिकलं होतं. ज्या माणसाने भाच्याची गय केली नाही, तो रोज दुपारी माझ्यासाठी खुणा करत होता. पत्त्यांत खुणा करणं म्हणजे चोरीच. माझा चेहरा त्या क्षणी कसा झाला असेल ठाऊक नाही. मास्तर पानं बघत होते. मी पान टाकलं आणि पुढचा हात खेळलो. इतकं कुणी आपल्यासाठी करत असेल तर त्याला काय म्हणावं, हे मला तेव्हाही आलं नाही.

वकिलांना कळायचंच होतं. आयुष्यभर साक्षीदारांचे चेहरे वाचलेला माणूस. एक दिवस त्यांनी हातातली पानं उलटी खाली ठेवली आणि म्हणाले, "मास्तर, खिशावरचा हात काढा."

मास्तरांनी काढला.

"मागच्या डावाला मिशी. त्याच्या आधी चष्मा. मी आठवडाभर बघतोय. तुम्ही? तुम्ही खुणा करता?"

बागवाला आधी हसला, मग मास्तरांकडे बघून त्याचं हसू मावळलं. मास्तर काळवंडले होते. त्यांनी तोंड उघडलं नाही. मला कळून चुकलं की ते उघडणारही नाहीत. लबाड हा शिक्का घेऊन ते पाखाडी उतरतील, उद्यापासून येणार नाहीत, पण मला मंद डोक्याचा म्हणणार नाहीत. आणि खरं सांगतो, मला लबाड म्हणवून घेणं चाललं असतं. लबाडाला अक्कल तरी असते. पण मास्तरांना ते लागणं मला बघवेना.

"खुणा कसल्या वकीलसाहेब," मी म्हटलं. "माझ्या डोक्यात हुकूम राहत नाही. मागच्या डावाचाच राहतो. कोल्हापूरला दाखवून आलोय. मास्तर मला आठवण करून देतात, दुसरं काही नाही."

 वकिलांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला. मग बागवाला म्हणाला, "मग सांगायचंस की मेल्या. आम्ही काय परके?"

त्यानंतर सगळे माझ्याशी चांगले वागायला लागले, आणि तिथेच सगळं संपलं.

आधी हुकूम मोठ्याने सांगायची पद्धत पडली. प्रत्येक हाताला कोणी ना कोणी म्हणायचं, "हुकूम किलवर हां, ऑपरेटर." ते पुरेना, तेव्हा बागवाल्याने तोडगा काढला. "कशास हवीय ही डोकेफोड? आजपासून हुकूम कायम बदाम. बदलाबदलीच नको." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही.

कायम बदाम झाल्यावर मी पूर्वीसारखा खेळायला लागलो, तितकाच चलाख. डॉक्टर म्हणाले होते ते अगदी खरं निघालं. नियम तोच राहिला की माझं डोकं अजून कुणाला हार जाणारं नव्हतं. पण त्या खेळात जीव राहिला नाही. हुकूम कधी फुटणार, कोण फोडणार, कुणाचा रंग मरणार, ही धाकधूक गेली. पानं हातात आली की बदाम मोजायचे आणि डाव कुणाचा ते ठरून जायचं. वकील ओरडेनासे झाले. माझ्याशी तर ते हळू आणि सावकाश बोलायला लागले. मी बहिरा नव्हतो. एकदा मी सरळसरळ चुकीचं पान टाकलं, मुद्दाम, बघू काय करतात म्हणून. वकिलांनी बागवाल्याकडे बघितलं आणि हात मला घेऊ दिला. ज्या माणसाने एका मेंढीवरून माझ्याशी महिनाभर अबोला धरला होता, त्याने. मला त्या दिवशी रडू आलं असतं. मी उठून आत गेलो आणि सगळ्यांसाठी फणसाचे तळलेले गरे घेऊन आलो.

पावसाळा संपल्यावर वकिलांचा गुडघा धरला. पाखाडी चढवत नाही म्हणाले. गुडघा खरोखरीच धरला असेल. मग मोहोर फुटायला लागला आणि बागवाल्याची फवारणीची घाई सुरू झाली. तीही खरीच. उरलो मी आणि मास्तर. दोघांत मेंढीकोट होत नाही. मास्तर आता जेवणानंतर न येता चहाच्या वेळेला यायला लागले. वर्तमानपत्र आणायचे आणि त्यातलं काहीबाही वाचून दाखवायचे. मी ऐकायचो. जेवणापासून चहापर्यंतची दुपार मात्र माझी एकट्याची झाली. सतरंजी मी काही दिवस रोज घालत होतो. मग घडी करून कपाटात ठेवली, कारण झुरळं व्हायला लागली.

कधी कधी मी एकटाच चार वाटण्या करून चौघांचे डाव खेळायचो. हुकूम बदलून बघायचो. कोणी बघत नसताना चुकलं तरी लाज वाटायला नको, पण वाटायची. एकट्याच्या चुकीला कुणी मेल्या म्हणत नाही, हे त्याहून वाईट.

पौषातली दुपार होती. माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या होत्या म्हणून मी खाली बाजारात उतरलो. येताना ऊन लागायला लागलं तेव्हा बागवाल्याच्या शेडच्या मागून जवळच्या वाटेने निघालो. ही शेड आंबे भरण्याची. हंगाम सोडला तर तिथे रिकाम्या पेट्यांशिवाय काही नसतं. शेडभोवतीच्या दगडी गडग्यापाशी आलो आणि आतून आवाज आला.

"हुकूम चौकट! चौकट! आता पळा कुठे पळताय ते!"

वकील होते. खणखणीत. कोर्टातसुद्धा ते कधी असे ओरडले नसतील. मागोमाग बागवाल्याची शिवी आणि पत्ता आपटल्याचा आवाज. तिसरा आवाज मला अनोळखी वाटला, मग ओळखला. बँकेतून नुकतेच निवृत्त होऊन परत आलेले एक गृहस्थ होते, आमच्याहून चांगले सात-आठ वर्षांनी लहान. आणि चौथा आवाज त्यांच्या भिडूचा, मास्तरांचा.

मास्तर हसत होते. ते हसणं मला ओळखीचं नव्हतं असं नाही, पण वर्ष-दीड वर्षात मी ते ऐकलं नव्हतं. मला तिथे उभ्या उभ्या कळलं की माझ्या समोर बसून हा माणूस दोघांचा खेळ खेळत होता. त्याची पानं, माझी पानं, त्याचा हुकूम, माझा हुकूम, आणि वर पकडले जाण्याची भीती. माझ्या एका डोक्यासाठी दुसरं अख्खं डोकं राबत होतं. त्याला हसायला फुरसत कुठली!

मी गडग्याला टेकून ऐकत राहिलो. नुसत्या आवाजावरून डाव लावायचा प्रयत्न केला. चौकटचा डाव मला लागला. पुढच्या डावाला कोणीतरी किलवर फोडलं. मी मनात किलवर म्हटलं. थोड्या वेळाने बागवाला ओरडला की मारला हुकमाने, आणि माझ्या डोळ्यांपुढे चौकटचं पान आलं.

"हा शेवटचा," मास्तर म्हणाले. "मला निघायला हवं."

"आज राहू द्या हो," बागवाला म्हणाला. "एक दिवस गेला नाहीत तर काय आभाळ कोसळतंय?"

"वाट बघत बसलेले असतात. पाखाडीकडे तोंड करून. खालच्या वळणावरून दिसतं."

"आम्हाला काय वाईट वाटत नाही?" वकील म्हणाले. "पण खेळ होत नाही हो तो. काय करणार?"

"म्हणून तर," मास्तर म्हणाले. "चला, वाटा."

रागवायचा मला पुरेपूर हक्क होता. पण राग येईना. वकील म्हणाले ते खरंच होतं, मीही त्यांच्या जागी असतो तर त्याच शेडमध्ये बसलो असतो आणि त्यांच्यासारखाच ओरडलो असतो. मला फक्त फार एकटं वाटलं. बायको गेली त्या दुपारीसुद्धा इतकं वाटलं नव्हतं, कारण तेव्हा घरात माणसं होती. आणि मग एकदम ध्यानात आलं की मास्तर आता निघतील, पाखाडी चढतील, आणि वर मी नसेन. मी कुठे गेलो होतो असं विचारतील. या वाटेने आलो हे मला लपवता येणार नाही.

मी पळत सुटलो. या वयात पळणं म्हणजे काय, तर भरभर चालणं आणि त्याला पळणं समजणं. पाखाडीच्या पायऱ्या मी दोन ठिकाणी थांबून चढलो. छाती धडधडत होती. घरात शिरून गोळ्या फळीवर टाकल्या, तोंडावर पाणी मारलं आणि पडवीतल्या खुर्चीवर जाऊन बसलो, पाखाडीकडे तोंड करून. थोड्याच वेळात खालच्या वळणावर मास्तर दिसले. त्यांनी वर बघितलं, मी जागेवर आहे हे पाहिलं आणि सावकाश चढायला लागले.

"काय ऑपरेटर, घामाघूम?"

"झाडांना पाणी घातलं."

"या उन्हात?" ते बसले आणि वर्तमानपत्र उघडलं. "तुम्ही दुपारची जरा झोप काढत जा."

"तुम्ही काढलीत?"

"हो, जरा पडलो होतो," मास्तर म्हणाले. आयुष्यात खोटं न बोललेल्या माणसाला ते नीट जमतही नव्हतं. त्यांनी मोठ्याने वाचायला सुरुवात केली. मी चहा ठेवला. वाचताना त्यांचा आवाज घसा बसल्यासारखा येत होता. दुपारभर ओरडल्यावर दुसरं काय होणार?

जायला उठले तेव्हा मी म्हटलं, "मास्तर, उद्या येऊ नका. उद्या मी नाही. सरकारी दवाखान्यात डोळे दाखवायला जायचंय, तिथे संध्याकाळ होईल."

"बरं," ते म्हणाले. ते जरा जास्तच पटकन म्हणाले, आणि त्यांच्याही ते लक्षात आलं असावं, कारण मग त्यांनी डोळ्यांची दोन-तीन वेळा चौकशी केली.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर मी पुढचं दार आतून लावलं. पडवीत बसलो असतो तर खालून दिसलं असतं. माजघरात अंधारात खाटेवर बसलो आणि म्हटलं, आज त्यांना पोटभर खेळू दे, मधून उठायला नको. मनापासून म्हटलं. मग चहाची वेळ झाली, आणि दवाखाना, डोळे, आपणच काय सांगितलंय ते सगळं ठाऊक असूनही माझे कान पाखाडीकडे लागले. एकदा पायरीवर पाऊल वाजलं. मी खाटेवरून उठलो, कडीवर हात ठेवला. शेजारचं कोणीतरी होतं, पुढे निघून गेलं. मी तसाच कडीला धरून बराच वेळ उभा होतो.

मास्तर शब्दाचे पक्के. ते आले नाहीत.